डोस दिल्यावर लेकराला इजा झाली तर : नोंद, कागद आणि भरपाई

मी तीस वर्षं एएनएम, म्हणजे गावातल्या सरकारी उपकेंद्रावरची सिस्टर होते, सगळी नोकरी बीड जिल्ह्यातल्या धारूर आणि केज तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर झाली. बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्यांवर लसीचा डबा खांद्याला अडकवून पायी गेले आहे. गोवराने एका वस्तीतली दोन लेकरं आठ दिवसांत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली, आणि पोलिओचा नवा पेशंट वर्षानुवर्षं दिसला नाही हेही पाहिलं. त्यामुळे डोस द्यावा का, हा प्रश्न माझ्या मनात नाही. माझ्या सगळ्या नातवंडांचे डोस वेळेवर झालेत.

पण डोस देताना चूक होते. क्वचित लसीचाच त्रास होतो. तेव्हा ज्या घरावर ते येतं त्या घराला कुठं जावं हे कुणी सांगत नाही. रिटायर झाल्यापासून अशी माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांच्यासाठी काय केलं, कुठं चुकलो, ते इथे लिहिते.

पहिलं लेकरू सोळा महिन्यांचं होतं. मायबाप दोघं ऊसतोडीला, टोळी दुसऱ्या जिल्ह्यात कारखान्याच्या तळावर. तिथे कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, बूस्टरचा कॅम्प आला. माय सांगते, "बाईनी त्याला मांडीवर पालथं घ्यायला लावलं अन् सुई कुल्ल्यात मारली. त्या घडीपासून त्यानं तो पाय उचलला नाही." टोळीचा मुकादम म्हणाला, डोसाने पाय दुखतो, दोन दिवसांत चालेल. टोळी पाडव्याच्या तोंडावर गावी आली तेव्हा लेकरू पाय घासत होतं. मी त्याचं पाऊल हातात घेतलं तर ते खाली लोंबत होतं, बोटं वर येत नव्हती. त्या वयाच्या लेकराला सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागात द्यायची असते. कुल्ल्यातून पायाची मोठी नस जाते, तिला सुई लागली तर पाऊल पडतं. हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

माय म्हणाली, "आक्का, ह्याचं आता कोण देणार?"

मी तिला त्या दिवशी रकमेबद्दल काही बोलले नाही. आधी विचारलं, डोसाचं कार्ड कुठं आहे.

आधी नोंद

डोसनंतर एक-दोन दिवस ताप, सुईच्या जागी सूज, रडणं हे नेहमीचं. त्याला घाबरू नका, पॅरासिटामॉल द्या. पण लेकराला दवाखान्यात भरती करावं लागलं, झटके आले, हातपाय हलेना, सुईच्या जागी पू धरला आणि चिरा द्यावा लागला, एकाच दिवशी डोस घेतलेली दोन-चार लेकरं आजारी पडली, किंवा देव न करो लेकरू गेलं, तर त्याची सरकारी नोंद झालीच पाहिजे. खात्यात याला एईएफआय, म्हणजे लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना, म्हणतात. हा शब्द पाठ करा. "साहेब, डोसाने त्रास झाला" म्हटलं की लोक समजूत घालतात. "एईएफआयची नोंद करा, केस रिपोर्टिंग फॉर्म भरा" म्हटलं की समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

गंभीर केस कळल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने २४ तासांत फॉर्म भरून जिल्ह्याला द्यायचा असतो आणि जिल्ह्याने तो ४८ तासांत वर कळवायचा असतो. प्राथमिक तपास १० दिवसांत, अंतिम ७० दिवसांत. जिल्ह्यात हे काम जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्याकडे असतं, ते झेडपीच्या आरोग्य विभागात बसतात. तुमची नोंद त्यांच्या यादीत नसेल तर पुढे कुठल्याही दारात तुमचं म्हणणं "लोक असं म्हणतात" एवढंच राहतं.

उपकेंद्रावरची सिस्टर नोंद करायला कचरते. मी तिच्या जागी बसले आहे, ती भीती मला माहीत आहे. तिला वाटतं नोंद केली की गुन्हा कबूल केला. तसं नसतं. नोंद म्हणजे घटना घडली एवढंच. कारण काय ते कमिटी ठरवते, आणि बऱ्याच वेळा कारण वेगळंच निघतं. तिच्याशी भांडू नका. शांतपणे एवढं म्हणा आणि तरीही ऐकलं नाही तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. आम्ही दिला तो साधारण असा होता :

"प्रति, वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र. विषय : लसीकरणानंतर झालेल्या गंभीर त्रासाची एईएफआय म्हणून नोंद करण्याबाबत. माझा मुलगा, वय १६ महिने, याला अमुक तारखेला अमुक ठिकाणी बूस्टर डोस दिला. इंजेक्शन उजव्या कुल्ल्यात दिले. त्या वेळेपासून उजवा पाय उचलत नाही. आधी पाय चांगला होता, तो चालत होता. तरी केस रिपोर्टिंग फॉर्म भरून त्याची प्रत मला द्यावी व प्रकरण जिल्हा एईएफआय समितीकडे पाठवावे. प्रत माहितीसाठी : जिल्हा माता व बाल संगोपन अधिकारी, जिल्हा परिषद."

यात राग नाही, आरोप नाही, कुणाची लायकी काढलेली नाही. काय दिलं, कधी, कुठं, नंतर काय झालं, आधी कसं होतं एवढंच. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. शिक्का दिला नाही तर तोच अर्ज पोस्टातून रजिस्टर एडीने पाठवा, ती पावतीही पोचच आहे. आम्हाला एका आरोग्य केंद्रात "डोस इथला नाही, तिकडे जा" म्हणून परत पाठवलं. तिथे मी चूक केली, ऐकून परत आले. चार दिवस वाया गेले. त्रास जिथे दिसला तिथल्या केंद्राने नोंद घ्यायची असते, डोस दिलेल्या जिल्ह्याला कळवणं हे त्यांच्या आपसातलं काम आहे.

घरूनही कळवता येतं. औषधांच्या दुष्परिणामांसाठी सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. त्यांचा रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. झेडपीतल्या नोंदीला हा पर्याय धरू नका, ही जोडीची नोंद आहे.

कागद

कार्ड हा जीव. माता-बाल संरक्षण कार्डावर डोसाची तारीख असते, पण भरपाईला लागतो तो बॅच नंबर, आणि तो कार्डावर बहुतेक लिहिलेलाच नसतो. तो त्या दिवशीच्या सत्राच्या नोंदींत आणि लस वाटपाच्या रजिस्टरात असतो. गोवर-रुबेला किंवा बीसीजीसारखी लस द्रव मिसळून तयार करतात, तिथे त्या द्रवाचाही बॅच नंबर वेगळा मागा. कुपी फोडल्याची वेळही मागा, कारण असल्या लसी तयार केल्यापासून चार तासांत संपवायच्या किंवा टाकून द्यायच्या असतात. उरलेली कुपी मिळाली तर तपासणीला जाऊ शकते, म्हणून पहिल्याच अर्जात "कुपी जपून ठेवावी" हे एक वाक्य घाला. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, नाव नोंदलेलं असेल तर मोबाइल नंबरावरून प्रमाणपत्र निघतं, ते छापून घ्या.

ऊसतोडीच्या घरांचं कार्ड हे मोठं दुखणं आहे. ते कोपीत पाचटाखाली भिजतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हरवतं, किंवा घाईत गावीच राहतं आणि तळावरची सिस्टर चिठ्ठीवर तारीख लिहून देते. आमच्याकडे तशी चिठ्ठी होती. मायने ती कुंकवाच्या डबीत ठेवली होती, म्हणून वाचली. त्या चिठ्ठीवरून कॅम्पची तारीख ठरली, तारखेवरून सत्र सापडलं, सत्रावरून बॅच.

फोटो काढा. सुजेचा, जखमेचा, लेकरू पाय कसं टाकतं त्याचा व्हिडिओ. आजार व्हायच्या आधीचा कुठलाही व्हिडिओ, बारशाचा, जावळाचा, यात्रेतला, ज्यात लेकरू चालताना किंवा पाय झाडताना दिसतं, तो सोन्यासारखा जपा. आमच्या केसमध्ये मुकादमाच्या पोराच्या मोबाइलमध्ये बारा सेकंदांचा व्हिडिओ सापडला, त्यात लेकरू बैलाच्या मागे धावताना दिसतं. पाय जन्मापासूनच अधू होता असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

दवाखान्यात पोचलात की केसपेपर काढतानाच डॉक्टरांना सांगा : अमुक दिवशी डोस दिला, त्यानंतर हे सुरू झालं. ते केसपेपरवर लिहिलं का बघा, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर डोसाचा उल्लेख नसेल आणि महिन्याने तो आला, तर समोरचा वकील त्याच एका ओळीवर उभा राहतो. आम्ही लेकराला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात नेलं, तिथून पुढे एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी झाली. तपासणीच्या कागदावर कुठली नस, कुठल्या पातळीवर, हे असतं. हजार शब्द बोलून जे पटत नाही ते त्या कागदाने पटतं. डिस्चार्जनंतर पूर्ण फाइलची लेखी मागणी करा. मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाचे कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे.

लेकरू गेलं असेल तर लिहिताना माझाही हात थरथरतो, पण सांगते. शवविच्छेदन होऊ द्या. घरची जाणती माणसं मातीची घाई करतात, लेकराला कापू नका म्हणतात. त्यांचं दुःख खोटं नाही. पण शवविच्छेदन नसेल तर कमिटीला कारण सांगता येत नाही, आणि कारणाशिवाय मायबाप जन्मभर स्वतःलाच दोष देत बसतात.

कमिटी काय म्हणाली ते मागून घ्या

तपासाचे कागद जिल्ह्यातून राज्याच्या समितीकडे जातात. ती केसला एक अक्षर देते. ए-१ म्हणजे लसीच्या गुणधर्मामुळे, ए-२ लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, ए-३ लस देण्यातल्या चुकीमुळे, ए-४ सुईच्या भीतीमुळे किंवा ताणामुळे. बी म्हणजे सध्या नक्की सांगता येत नाही. सी म्हणजे आजार वेगळाच होता, डोसाशी वेळ जुळली. डी म्हणजे कागद अपुरे, म्हणून वर्गीकरणच नाही.

हे अक्षर तुमच्या घरी कुणी आणून देत नाही. ते माहितीच्या अधिकारात मागायचं. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. मागणी नेमकी लिहा : केस रिपोर्टिंग फॉर्मची प्रत, प्राथमिक व अंतिम तपास अहवाल, जिल्हा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, राज्य समितीने दिलेलं वर्गीकरण आणि त्याची कारणं, त्या सत्राचं रजिस्टर. "माझ्या स्वतःच्या मुलाची माहिती आहे" हे लिहा, म्हणजे खासगी माहिती म्हणून नाकारता येणार नाही. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं.

आमचं अक्षर आधी डी आलं. माय रडली, तिला वाटलं नाकारलं. मी म्हटलं, नाकारलेलं नाही, भूक आहे कागदाची. एनसीव्हीचा कागद, व्हिडिओ आणि मायचा जबाब जोडून फेरविचाराचा अर्ज दिला. पुढे ए-३ आलं.

सी आलं तर? तेही मन मोठं करून वाचा. लाखो लेकरांना डोस मिळतात, त्यातल्या काहींना त्याच आठवड्यात दुसरा आजार होणारच असतो. कारणं वाचा, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनाही पटलं तर पैसा आणि जोर उपचारावर लावा. मी दोन घरांना हे सांगितलंय, सोपं गेलं नाही.

पैसे कुठून मागायचे

जर्मनीत १९६१ पासून, ब्रिटनमध्ये १९७९ पासून आणि अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लसीच्या इजेला कुणाची चूक सिद्ध न करता भरपाई देण्याची सोय आहे. आपल्याकडे कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेला जशी ठरलेल्या रकमेची योजना आहे, तशी बालकांच्या डोसांसाठी आम्हाला झेडपीच्या कुठल्याही टेबलावर सापडली नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. साऱ्या गावाच्या भल्यासाठी ज्या लेकराने सुई घेतली, त्याची इजा साऱ्या गावाने उचलायला हवी. तुम्ही अर्ज द्याल तेव्हा नवीन काही आलंय का ते विधी सेवा प्राधिकरणात आधी विचारा.

उपचार आणि भरपाई वेगळ्या ठेवा. भरपाईच्या वाटेवर उपचार थांबवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजना, अंगणवाडी-शाळेतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी, मुख्यमंत्री सहाय्यता निधी यांतून दवाखान्याचा खर्च निघतो. इजा कायमची राहिली तर सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. त्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी पुढे दाव्यातही लागते. ही मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

आता भरपाई. अक्षर हातात आल्यावर आम्ही तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेलो. बाई, लेकरू, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा त्यातून भरली जाते. हेल्पलाइन १५१०० आहे. वकीलसाहेबांनी समजावलं ते असं.

ग्राहक आयोगात सरकारी डोसाची केस सहसा बसत नाही, कारण सगळ्यांना फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. खासगी दवाखान्यात पैसे देऊन डोस घेतला असेल तर मात्र जाता येतं, मुदत दोन वर्षं.

मानवी हक्क आयोगात तक्रार फुकट आहे, साध्या कागदावर मराठीत चालते, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. आयोग सरकारकडून अहवाल मागवतो आणि नुकसानभरपाईची शिफारस करू शकतो. कोर्टात केस चालू असली की आयोग हात घालत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. आम्ही आधी इथे गेलो.

कायम लोकअदालत दवाखान्याच्या सेवेची प्रकरणं घेते, तिथेही फी नाही. पण कोर्टात जाण्याआधीच जावं लागतं.

दिवाणी दाव्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. लेकराच्या नावाने दावा असेल तर तो सज्ञान होईपर्यंत मुदत धावत नाही, पण तेवढं थांबू नका, रजिस्टरं तोवर राहत नाहीत. मृत्यूच्या दाव्याला मुदत दोन वर्षं धरा. लेकराचं नसून वयाने मोठ्या माणसाच्या इजेचं प्रकरण असेल तर वर्षाच्या आत वकिलासमोर बसाच. चूक कागदावरच स्पष्ट दिसत असेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिटचाही, म्हणजे सरकारविरुद्ध थेट याचिकेचाही, रस्ता आहे. तो विधी सेवेच्या वकिलाच्या सल्ल्यानेच.

कोरोनाच्या डोसाबद्दल विचारायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांना आणि खासगी डॉक्टरांना स्वतः दुष्परिणाम कळवता आले पाहिजेत आणि ते अहवाल सर्वांना पाहता आले पाहिजेत. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या न्यायालयात लेखी म्हटलं, की भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात मागा. म्हणून तिथेही नोंद, केसपेपर आणि कोविनचं प्रमाणपत्र हाच पाया.

किती मागायचं

हा प्रश्न आला की लोक एकदम पाच लाख, दहा लाख म्हणतात. आकड्यामागे हिशोब लागतो. आमच्या केसमध्ये मोठं नुकसान औषधाचं नव्हतंच. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लेकराला घेऊन माय फिजिओथेरपीला फिरू लागली, तसा कोयता अर्धा झाला. मुकादमाने पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, अर्धीच दिली. वकीलसाहेबांना हे माहीत नव्हतं, ते शहरातले. मी म्हटलं, हा बघा मायच्या मजुरीचा पुरावा. मुकादमाकडून दोन्ही वर्षांच्या उचलीच्या चिठ्ठ्या सहीनिशी घेतल्या आणि टोळीतल्या दोघांचे जबाब जोडले.

एसटीची तिकिटं ठेवा. पण ती छपाई उन्हात, घामात महिन्याभरात उडते, म्हणून त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून मागे तारीख आणि कशासाठी गेलो ते लिहा. पायाच्या स्प्लिंटची पावती ठेवा, आणि लेकरू वाढतं तसा स्प्लिंट बदलावा लागतो म्हणून पुढे किती लागतील ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. लेकरामागे कोण किती दिवस घरी बसलं याची वही ठेवा. माय लिहू शकत नव्हती, तिच्या थोरल्या मुलीने चौथीच्या जुन्या वहीत लिहिलं. ती वही आम्ही जशीच्या तशी जोडली.

ते लेकरू आता चार वर्षांचं आहे. स्प्लिंट घालून अंगणवाडीत जातं, पाऊल थोडं वर येऊ लागलंय. दिव्यांग प्रमाणपत्र निघालं. मानवी हक्क आयोगाने झेडपीकडून अहवाल मागवला, त्याची प्रत आमच्याकडे आली आणि त्यावरचं आमचं उत्तर गेल्या महिन्यात रजिस्टर एडीने गेलं. पोच फाइलीला लावली आहे. रक्कम अजून आलेली नाही.

दसरा झाला की टोळ्या निघतील. या वर्षी जाणाऱ्या सगळ्या घरांतली डोसाची कार्डं मी मागवून घेतली, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक मायजवळ प्लास्टिकच्या पिशवीत, एक माझ्या पेटीत. प्रत्येक मायला मांडीवर बोट ठेवून दाखवलं, सुई इथे, मागे नाही. आणि सांगितलं, डोसानंतर अर्धा तास तिथेच बसायचं, निघण्याआधी बॅच नंबर कार्डावर लिहून मागायचा.